पुलावाच्या ढिगाखाली

मराठी माणसाची आणि अफगाणांची ओळख जुनी आहे, फक्त ती पंगतीतली नाही. पानिपतावर अब्दाली भेटला. गिरणगावाच्या चाळींत वसुलीला येणारा पठाण भेटला आणि जाताना 'पठाणी व्याज' मागे ठेवून गेला. टागोरांनी १८९२ मध्ये लिहिलेला काबुलीवाला शाळेच्या पुस्तकांतून आणि पुढे १९६१ च्या चित्रपटात बलराज साहनींच्या रूपाने घरोघर पोचला. मुंबईत कुलाब्याला तर अख्खं 'अफगाण चर्च' उभं आहे. पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते बांधलं गेलं. इतकं सगळं होऊनही हे लोक घरी जेवतात काय, असं विचारलं तर बहुतेकांची गाडी सुक्या मेव्याशी अडते.

आणि जे माहीत असतं, ते भलतंच असतं. पुण्यापासून नागपूरपर्यंत कुठल्याही तंदूरवाल्याच्या मेनूकार्डावर 'अफगाणी चिकन' सापडतं. काजूची पेस्ट, साय, दही, वर थोडी कसुरी मेथी. चवीला वाईट नाही, पण हा पदार्थ भारतातल्या हॉटेलवाल्यांचा. अफगाण घरातल्या स्वयंपाकात त्याचा पत्ता नाही. ज्याने ही डिश खाऊन अफगाणी जेवणाबद्दल मत बनवलं असेल, त्याला खऱ्या अफगाणी हॉटेलात गेल्यावर पाटी कोरी करूनच बसावं लागतं.

त्यासाठी काबूल गाठायची गरज नाही. दिल्लीचं लजपत नगर पुरे आहे.

ही वस्तीच मुळात निर्वासितांची. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आणि आसपासच्या मुलखातून आलेल्या कुटुंबांसाठी ती वसवली गेली. पुढे डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि काबूलची माणसं दिल्लीला येऊ लागली. १९९२ मध्ये नजीबुल्ला यांचं सरकार पडलं तेव्हा आणखी आली, त्यांत शीख आणि हिंदू अफगाण मोठ्या संख्येने होते. १९९६ मध्ये तालिबानने काबूल घेतलं, मग पुन्हा एकदा ऑगस्ट २०२१ मध्ये घेतलं, आणि प्रत्येक वेळी विमानतळावर नवी कुटुंबं उतरली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेकडे २०२१ च्या सुमारास भारतात नोंदलेले अफगाण १५ हजारांच्या घरात होते. त्यांच्याखेरीज दिल्लीच्या मोठ्या इस्पितळांत उपचारांसाठी येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक वेगळे. या सगळ्यांना भूक लागणारच. लजपत नगरमध्ये औषधांच्या दुकानांवर, प्रवासी कचेऱ्यांवर दारी भाषेतल्या पाट्या लागल्या, आणि त्यांच्या मधोमध 'काबुल दिल्ली', 'मझार', 'अफगाण दरबार' अशा नावांची हॉटेलं उघडली.

हॉटेलात शिरण्याआधी नानवाल्यापाशी दोन मिनिटं थांबावं. कणकेचा गोळा हाताने लांबट ताणायचा, बोटांनी त्यावर उभ्या खोल खाचा पाडायच्या, वर तीळ किंवा कलौंजी टाकायची, आणि मग गादीवर चढवून तो तंदुराच्या भिंतीवर थापायचा. खाचांमुळे नान टम्म फुगत नाही, सगळीकडे सारखा भाजला जातो आणि तोडायला सोपा पडतो. निघतो तेव्हा चांगला हातभर लांब असतो. अफगाण माणूस असे चार-पाच नान वर्तमानपत्रात गुंडाळून काखोटीला मारतो आणि घरी जातो. बऱ्याच अफगाण घरांत रोजचं खाणं म्हणजे हा नान आणि शोरवा. शोरवा म्हणजे मटणाचं पातळ, साधं कढण, सोबत बटाटा किंवा हरभरे. वाडग्यात नानाचे तुकडे मोडून टाकायचे, ते कढण पिऊन मऊ झाले की हाताने खायचे. मांस शेवटी, वाट्याला येईल तेवढं. हॉटेलच्या मेनूवर शोरवा असतो, पण पाहुणे तो क्वचितच मागवतात. तो मागवावा, कारण पुलाव हे सणाचं अन्न आहे आणि शोरवा हे रोजचं.

आता पुलाव. काबुली पुलाव हा अफगाणिस्तानचा राष्ट्रीय पदार्थ समजला जातो. टेबलावर येतो तेव्हा नवख्या माणसाला प्रश्न पडतो की मटण कुठे गेलं? समोर बदामी रंगाच्या लांब भाताचा ढीग असतो, त्यावर गाजराच्या बारीक काड्या आणि फुगलेले मनुके. मटणाचे मोठे तुकडे त्या ढिगाखाली झाकलेले असतात. वाढण्याची रीतच ती.

करायची पद्धत पाहिली की बिर्याणीपासून तो किती दूर आहे ते कळतं. आधी भरपूर कांदा तेलात गडद होईपर्यंत परतायचा, त्यात मटण घालून पाण्यासकट शिजवायचं. कांद्याचा तो रंग कढणात उतरतो आणि पुढे भाताला लागतो, हळदीचं काम पडत नाही. तांदूळ वेगळा, मिठाच्या पाण्यात अर्धाकच्चा उकडून निथळायचा. हॉटेलांत त्यासाठी बहुधा सेला तांदूळ असतो, कारण त्याचे दाणे शेवटपर्यंत सुटे राहतात. मग तांदळावर कढण आणि 'चार मसाला' घालून दम द्यायचा. चार मसाल्यात जिरं, वेलची, आणि घरागणिक बदलणारी दालचिनी, लवंग किंवा मिरी. मिरचीचं नाव नाही. गाजराच्या काड्या वेगळ्या कढईत थोड्या साखरेवर परततात, मनुके तेलात टाकले की फुग्यासारखे टरारतात, ते लगेच काढायचे. बदाम-पिस्त्याचे काप शेवटी. घासात आधी वेलची येते, मग गाजराचा गोडवा, मग मटणाची चव. तिखटाची वाट पाहत बसणाऱ्याची मात्र निराशा होते. त्याने बाजूला आलेली कोथिंबीर, व्हिनेगर आणि हिरव्या मिरचीची चटणी जवळ ओढावी, तेवढी सोय असते.

एक सूचना शाकाहारी मंडळींसाठी. मटण बाजूला काढून 'नुसता भात' मागवण्यात अर्थ नाही. तो भात मटणाच्या कढणातच शिजलेला असतो. शुद्ध शाकाहारी पुलाव हवा असेल तर तसं आधी विचारून घ्यावं.

अफगाणी जेवण समजून घ्यायचं तर त्या देशाचा हिवाळा समोर ठेवावा लागतो. काबूल सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. बर्फ पडलं की घाट बंद होतात, गावं महिनोन् महिने एकमेकांपासून तुटतात. अशा मुलखात जे टिकेल तेच खाता येतं, म्हणून हे स्वयंपाकघर वाळवणावर उभं आहे. फळं वाळवायची हे सगळ्यांना माहीत आहे. तिथे दूध आणि मांसही वाळवतात.

दुधाच्या वाळवणाचं नाव 'कुरूत'. ताक उकळायचं, चोथा निथळायचा, मीठ घालून त्याचे गोळे वळायचे आणि उन्हात दगडासारखे कडक करायचे. गोळे वर्षभर टिकतात. हिवाळ्यात खरबरीत तळाच्या मातीच्या भांड्यात पाणी घालून गोळा घासत बसायचं, की दाट, खारट-आंबट रस तयार होतो. तो कशावरही ओततात. 'खिचरी कुरूत' या पदार्थात तर तो मऊ, चिकट तांदूळ आणि मुगाच्या खिचडीवर येतो. खिचडीच्या मधोमध खड्डा करून त्यात कुरूत आणि लसूण, बाजूला मटणाचा रस्सा किंवा कोफ्ते. मराठी घरातली मूगखिचडी आजाऱ्याची किंवा रात्रीच्या हलक्या जेवणाची. तिकडची खिचडी थंडीत अंगात ऊब आणण्यासाठी खाल्ली जाते आणि नंतर झोप आणते. हॉटेलात ती रोज मिळेलच असं नाही, पण विचारायला काय हरकत आहे? ज्याने विचारलं त्याच्याकडे वाढपी जरा वेगळ्या नजरेने पाहतो.

मांसाचं वाळवण म्हणजे 'लांदी'. हिवाळ्याच्या तोंडावर चरबीदार मेंढा कापून, त्याच्या मांसाला मीठ आणि हिंग चोळून ते उघड्यावर टांगतात. इथे मराठी वाचकाने जरा थबकावं. आमटीच्या फोडणीत, लोणच्यात, मठ्ठ्यात चिमूटभर पडणारा हिंग मुख्यतः अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून येतो. २०२० च्या सुमारास भारत दरवर्षी सुमारे १,२०० टन कच्चा हिंग आयात करत होता. आपल्याकडे तो पिकावा म्हणून हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात १५ ऑक्टोबर २०२० रोजी पहिलं रोप लावलं गेलं, त्याचं उत्पन्न मिळायला वर्षं लागतात. जून २०१७ मध्ये काबूल-दिल्ली हवाई मालवाहतूक सुरू झाली तेव्हा पहिल्या विमानातून आलेल्या ६० टन मालात मुख्यतः हिंगच होता. आणि ज्या देशातून तो येतो तिथे रोजच्या भाजीत, डाळीत तो जवळजवळ पडतच नाही. लांदीला चोळला, संपलं. आपल्या स्वयंपाकघराला हिंगाची जी ओढ आहे ती काबूलच्या गृहिणीला बहुधा गमतीची वाटेल.

द्राक्षांची गोष्ट नाशिक-सांगलीकडच्या वाचकांनी वाचायलाच हवी. काबूलच्या उत्तरेला शमालीचं मैदान आहे, तिथे द्राक्षबागांच्या कडेला मातीच्या उंच भिंतींची, भिंतभर फटी ठेवलेली घरं दिसतात. त्यांत घड टांगून सावलीत, वाऱ्यावर हिरवे मनुके वाळवतात. तासगावकडे द्राक्षं द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात, तिथे सगळं काम वाऱ्यावर सोडलेलं. त्याहून नवलाची रीत 'कंगीना'. माती आणि भुसा कालवून वाडग्यासारखी दोन भांडी थापायची, उन्हात वाळवायची, एका भांड्यात ताजी द्राक्षं ठेवायची, दुसरं वर उपडं घालून सांधा ओल्या मातीने लिंपून टाकायचा. असं बंद केलेलं भांडं थंड, अंधाऱ्या जागी ठेवलं की आतली द्राक्षं पाच-सहा महिने ताजी राहतात. मार्चमध्ये, नवरोजच्या म्हणजे नववर्षाच्या सुमारास बाजारात भांडं फोडायचं आणि शरदातली द्राक्षं विकायची. वीज नाही, शीतगृह नाही, नुसती माती.

याच नवरोजला 'हफ्त मेवा' करतात. मनुके, जर्दाळू, बदाम, अक्रोड, पिस्ते असे सात प्रकारचे मेवे रात्रभर पाण्यात भिजत घालायचे आणि ते गोड झालेलं पाणी मेव्यासकट वाटीत द्यायचं. मार्चअखेरीस अफगाणी हॉटेलात गेलात तर एखादे वेळी गोडाऐवजी हेच समोर येतं. त्यात साखर घातलेली नसते आणि घालायची गरजही पडत नाही.

फळांच्या बाबतीत हा देश नेहमीच तोऱ्यात राहिला. बाबराने काबूलवर राज्य केलं, मग हिंदुस्थान जिंकला, आणि आपल्या आठवणींत हिंदुस्थानात चांगली द्राक्षं नाहीत, खरबुजं नाहीत, बर्फ नाही म्हणून तक्रार लिहून ठेवली. खरबूज कापून खाताना आपल्या डोळ्यांत पाणी आलं, असंही तो एका पत्रात कबूल करतो. मरण आग्र्याला आलं, पण आज त्याची कबर काबूलच्या बागेत आहे.

हे झालं हिवाळ्याचं. अफगाणी ताटावर दुसरी छाप आहे ती रस्त्यांची. रेशीम मार्गाच्या फाट्यांवर बसलेल्या या देशाने येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून खाणं घेतलं. 'मंतू' पाहा. तुर्कस्तानात आणि उझबेकांकडे मांती, कोरियात मांदू, उइगुर लोकांकडे मंता. नावं सख्ख्या भावंडांसारखी, आणि पदार्थ तुर्क-मंगोल टोळ्यांच्या घोड्यांबरोबर आशियाभर फिरलेला. अफगाणी मंतूत कांदा घातलेला खिमा असतो. पारी पातळ लाटून, सारण भरून, कडा वर एकत्र चिमटायच्या आणि थराथरांच्या पातेल्यात वाफवायच्या. उकडीचे मोदक वळणाऱ्या बाईला हे काम पाहून शिकवावं लागणार नाही. पुढचं मात्र वेगळं. ताटलीत आधी लसूण चोळलेला पातळ चक्का पसरतात, त्यावर मंतू, त्यावर हरभऱ्याच्या डाळीचा टोमॅटोत शिजवलेला दाटसर रस्सा, त्यावर पुन्हा चक्का आणि वरून हाताने चुरडलेला सुका पुदिना. गरम मंतू आणि गार दही एकाच घासात येतं. भारतीय खवय्याला आधी हे विजोड वाटतं, कारण आपल्याकडे दही बाजूच्या वाटीत असतं. तिकडे ते पदार्थाचाच भाग आहे.

मंतूची बहीण 'आशक'. तिच्यात गंदना नावाची, गवतासारख्या चपट्या पातीची भाजी भरतात. वास लसूण आणि पातीचा कांदा यांच्या अधलामधला. आशक वाफवत नाहीत, पाण्यात उकळतात, आणि खिमा आत न भरता वरून घालतात. गंदना जिथे मिळत नाही तिथे पातीच्या कांद्यावर भागवतात. परदेशातल्या बऱ्याच अफगाण घरांत पारीही बाजारातून चिनी वाँटनची तयार आणतात. जुन्या बायका नाकं मुरडतात आणि खातात. आशक एकटीने करायचा पदार्थ नाही. एक लाटणार, एक भरणार, एक कडा चिमटणार, आणि या सगळ्या गप्पा मारणार, असं ते काम चालतं.

नेमकी इथेच अफगाणी हॉटेलची खरी गोष्ट सुरू होते. काबूलच्या बाजारात पूर्वी बाहेर खाणं म्हणजे पुरुषांचं खाणं. चायखान्यात चहा आणि कबाबच्या दुकानात कबाब. मंतू, आशक, लसणाच्या दह्याबरोबरची बोरानी हे प्रामुख्याने घरचे पदार्थ, बायकांच्या हातचे. कुटुंबं देश सोडून बाहेर पडली, कागदपत्रं नाहीत, भाषा येत नाही, पदवीला कोणी विचारत नाही, अशा वेळी विकता येईल असं एकच कसब हाताशी होतं. मग बाजारातला कबाब आणि घरातली आशक एकाच मेनूकार्डावर आली. या अर्थाने ज्याला आज जग 'अफगाण रेस्टॉरंट' म्हणून ओळखतं, तो बऱ्याच अंशी निर्वासितपणातून जन्मलेला प्रकार आहे.

उदाहरणं पाहा. अमेरिकेत बाल्टिमोरला कय्यूम करझाई यांनी १९८९ मध्ये 'हेल्मंद' उघडलं. तिथला गाजलेला पदार्थ कबाब नव्हे, भोपळा. 'कद्दू बोरानी'त भोपळ्याच्या फोडी तळून, साखर लावून भाजतात आणि लसणाच्या दह्यावर मांडतात. पुढे डिसेंबर २००१ मध्ये कय्यूम यांचे धाकटे भाऊ हमीद करझाई अफगाणिस्तानच्या हंगामी सरकारचे प्रमुख झाले आणि हॉटेलचं नाव वर्तमानपत्रांत झळकलं. हे हमीद करझाई शिमल्याला शिकलेले. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला अयूबी कुटुंबाने २००९ मध्ये 'परवाना' सुरू केलं. आई फरीदा यांनी घरी केलेल्या स्वयंपाकावरच ते उभं राहिलं आणि लेक दुर्खनई अयूबी यांनी २०२० मध्ये त्याच नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात पाककृतींबरोबर देशाचा इतिहास आहे. त्याआधीचं महत्त्वाचं पुस्तक एका इंग्रज बाईचं. हेलन सबेरी काबूलच्या ब्रिटिश दूतावासात नोकरीला होत्या, तिथेच एका अफगाण अभियंत्याशी त्यांनी लग्न केलं, आणि देश सोडावा लागल्यावर १९८६ मध्ये 'नोशे जान' हे अफगाणी स्वयंपाकावरचं पुस्तक लिहिलं. सासरच्या बायकांच्या हातची चव कागदावर उतरली ती अशी.

दिल्लीतही संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या मदतीने अफगाण स्त्रियांनी 'इल्हाम' नावाने खानपानाचा उद्योग सुरू केला. ज्यांनी आयुष्यात घराबाहेर नोकरी केली नव्हती, त्या बायका प्रदर्शनांत आणि समारंभांत बोलानी, म्हणजे सारण भरलेली पातळ पोळी, तळून विकू लागल्या. भारताने निर्वासितांबाबतच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, त्यामुळे अशा माणसांना रीतसर नोकरी मिळणं अवघडच जातं. स्वयंपाक ही त्यातल्या त्यात उघडी वाट. मायदेशी मात्र वाट उलट्या दिशेने गेली. एप्रिल २०२३ मध्ये तालिबानने हेरात प्रांतात बाग किंवा हिरवळ असलेल्या हॉटेलांत स्त्रियांना आणि कुटुंबांना बसायची बंदी केली. लजपत नगरच्या हॉटेलात सुटीच्या संध्याकाळी आजी, सून, नातवंडं अशी अख्खी कुटुंबं मांडीला मांडी लावून जेवताना दिसतात, त्या दृश्याची किंमत हे माहीत असलं की कळते.

कबाबबद्दल कमीच लिहायला हवं, कारण तो कोणीही न सांगता मागवतो. तरी एक गोष्ट. चोपान कबाबात, म्हणजे धनगरी कबाबात, मांसाच्या तुकड्यांमध्ये दुंबा मेंढ्याच्या शेपटीची चरबी ओवतात. मसाला जवळजवळ नाहीच, मीठ आणि निखारा. चव आणायला टेबलावर एक करडी भुकटी असते. ती कच्च्या द्राक्षांची. आंबट हिरवी द्राक्षं वाळवून दळायची आणि चिमटीने कबाबावर भुरभुरायची. नाशिकच्या बागेत विरळणीला जी कच्ची द्राक्षं काढून टाकतात त्यांचा कोणी असा विचार केला तर बिघडणार नाही.

आणखी एक विचित्र जोडी आहे. काबूलच्या हिवाळ्यात तळलेली मासळी आणि जिलबी एकत्र खातात. दुकानंच तशी, एका कढईत मासे, शेजारच्या कढईत जिलबी. कोकणात ही कल्पना बोलून दाखवली तर घरातून बाहेर काढतील. अफगाणांचं म्हणणं इतकंच की दोन्ही गरम असतात आणि थंडीत बरं वाटतं. हॉटेलात ही जोडी क्वचित मिळते. गोडात बहुधा 'फिर्नी' असते. आपली फिर्नी तांदळाच्या रव्याची, त्यांची बहुतेक कॉर्नफ्लोअरची, पसरट बशीत गोठवलेली. उन्हाळ्यात 'शीर यख' मिळालं तर सोडू नये. बर्फ आणि मिठात ठेवलेलं धातूचं भांडं हाताने फिरवून केलेलं ते आइस्क्रीम. गुलाबपाणी आणि वेलचीचं, तोंडात किंचित ताणलं जाणारं.

जेवणानंतर चहा येतो. हिरवा, वेलचीचा, दुधाशिवाय. रीत अशी की पहिल्या पेल्यात साखर ढिगाने घालायची आणि पुढचे पेले त्यावरच ओतत जायचे, म्हणजे गोडी हळूहळू उतरत जाते. सोबत 'नुकल', म्हणजे साखरेचं जाड कवच चढवलेले बदाम. खास पाहुण्यासाठी 'कैमाक चाय'. हिरव्या चहात चिमूटभर सोडा घालून तो उकळायचा, उंचावरून ओतून ओतून हवा मिसळायची. चहा गडद लाल होतो, दूध पडलं की गुलाबी, आणि वर दाट सायीचा थर. सकाळी लवकर गेलात तरच मिळण्याची शक्यता.

राहिला प्रश्न मागवायचं काय. चार जण असाल तर सुरुवातीला बटाट्याची एक बोलानी आणि एक गंदन्याची. मग मंतूची एक ताटली, चौघांत मिळून. शाकाहारी मंडळींसाठी 'बोरानी बंजान', म्हणजे वांग्याच्या तळलेल्या चकत्या, टोमॅटो आणि लसणाचं दही. वांगं न आवडणाऱ्यांचंही मत ती बदलते. पुलाव चौघांत दोनच, त्याहून जास्त संपत नाही. नान मागवू नका, ते न सांगताच येतात आणि येत राहतात. कबाब दुसऱ्या खेपेला ठेवा. आणि उठण्याआधी वाढप्याला विचारा, घरी तुम्ही काय खाता? त्याचं जे उत्तर येईल, तेच पुढच्या वेळी मागवा.